जुनी इंग्रजी नाटके वाचताना

वर्गात शेक्सपीअरचा उतारा निघाला की मुले गप्प होतात. अर्थ पाठ करून वेळ मारून नेतात. मास्तरही मनातून थोडे बिचकतातच. खरे पाहता ती भाषा आपल्यापासून फार लांब गेली आहे, एवढेच. ‘हॅम्लेट’ नाटक १६०० च्या सुमारास लिहिले गेले आणि १६०३ मध्ये प्रथम छापले गेले. इकडे शिवजन्माला अजून सत्तावीस वर्षे होती.

पहिली अडचण शब्दांची. अनोळखी शब्द दिसला तर आपण कोश उघडतो. फसवतो तो ओळखीचा शब्द. संस्कृतात ‘राग’ म्हणजे प्रेम, आसक्ती. मराठीत राग म्हणजे संताप! तसाच इंग्रजीतला ‘लेट’. आज त्याचा अर्थ ‘करू देणे’, पण त्या काळी ‘अडवणे’ असाही अर्थ होता. बापाचे भूत खुणावते, सोबती हॅम्लेटला धरून ठेवतात, तेव्हा तो अडवणाऱ्याचा जीव घेण्याची धमकी देतो. तिथे हाच शब्द आहे. आजचा अर्थ लावला, तर वाट मोकळी करणाराच मरायचा!

दुसरी गोष्ट ‘दाऊ’ आणि ‘यू’ यांची. इथे मराठी माणसाला आजच्या इंग्रजापेक्षा सोपे जाते, कारण आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ अजून जिवंत आहेत. तिसऱ्या अंकात आई हॅम्लेटला रागे भरते, ती ‘तू’ म्हणून. तो उलट उत्तर देतो, पण ‘तुम्ही’ म्हणून. लगेच आईही ‘तुम्ही’वर येते. मायलेकरांत पडलेले अंतर त्या एका सर्वनामात ऐकू येते.

तिसरी अडचण पुराणकथांची. आपण एखाद्याला ‘कळीचा नारद’ म्हटले की कीर्तन ऐकलेल्या माणसाला टीप लागत नाही. तिकडच्या शाळांत मुले ओव्हिड हा रोमन कवी लॅटिनमधून शिकत. १५६७ मध्ये गोल्डिंगने त्याच्या कथा इंग्रजीतही आणल्या. त्यातली एक नायोबीची. सात मुलगे आणि सात मुली, म्हणून तिला गर्व झाला. देवांनी सगळी मुले मारली. ती दुःखाने दगड झाली, तरी डोळ्यांचे पाणी खळले नाही. हॅम्लेट म्हणतो, बापाच्या अंत्ययात्रेत आई नायोबीसारखी रडत होती. आणि महिनाभरात तिने दिराशी लग्न केले! कथा ठाऊक असेल तरच हा घाव कळतो. दगडाचे अश्रू आटले नाहीत, माणसाचे आटले.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आधी गोष्ट सांगा, मग ओळ वाचा. आगरकरांनी १८८३ मध्ये हेच नाटक ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले. तेही शेजारी ठेवा. मूल एकदा त्या आईवर चिडले, त्या लेकासाठी हळहळले, की शब्दांचे अर्थ ते स्वतःहून विचारील.