रेषेबाहेरचा गडी : कबड्डीच्या प्रेक्षकाची कुळकथा

कबड्डीचा प्रेक्षक हा दूरचित्रवाणीच्या पोटी जन्मास आला, हा समज अलीकडे इतका दृढ झाला आहे की, २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ झाला, ती तारीखच पुष्कळ लोक त्याची जन्मतिथी म्हणून सांगतात. वस्तुतः त्या दिवशी झाले ते त्याचे बारसे. जन्म फार आधीचा, आणि कूळ त्याहूनही जुने.

हुतूतू या नावाने जो खेळ आपल्या अंगणांत, नदीकाठच्या वाळूत आणि सुगीनंतरच्या खळ्यांवर पिढ्यानपिढ्या चालत आला, त्याला प्रेक्षक असा नव्हताच. भोवती जे उभे असत ते आपली पाळी कधी येते याची वाट पाहणारे गडी असत, नाही तर पोराला जेवायला हाक मारण्यासाठी आलेली घरची माणसे. गडी किती, मैदान केवढे, बाद झालेल्याने बसायचे की पुन्हा उठायचे, या सर्वांचा निवाडा जागच्या जागी आणि बहुधा आवाजाच्या जोरावर होई. प्रतिपक्षाचा गडी बाद होताच आपला बसलेला गडी जिवंत होई ती संजीवनी. बाद झालेला डाव संपेपर्यंत बाहेरच राही ती गामिनी. आणि बाद होऊनही गडी मैदानातच राहून केवळ गुणांचा हिशेब मांडला जाई तो अमर, अशा खेळाच्या निरनिराळ्या तऱ्हा होत्या. गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत पुणे-सातारा भागातील मंडळींनी या तऱ्हांना नियमांच्या चौकटीत बसविण्याचा उद्योग आरंभिला, १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापून अखिल भारतीय सामने भरविले, आणि त्या नियमांनी आखलेल्या चुन्याच्या रेषांनी एक अशी गोष्ट केली की जिची कल्पना नियम करणाऱ्यांनाही नसावी : रेषेच्या आत मोजके गडी उरले आणि बाकीचा सगळा गाव बाहेर गेला. तो बाहेर गेलेला गाव म्हणजेच आपला प्रेक्षक होय. त्याच्या अंगी पाहुण्याचा संकोच कधीच आला नाही तो यामुळे. तो स्वतःला बाहेर बसविलेला गडीच समजतो, आणि पंचाशी हुज्जतही त्याच हक्काने घालतो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे त्या काळच्या औरंगाबादेत, हा प्रेक्षक उशिरा आला, आणि त्याचे कारण क्रीडेच्या नव्हे तर राज्यकारभाराच्या इतिहासात सापडते. पुण्या-मुंबईकडे मंडळे आणि जिमखाने फोफावत असता, आमचे शहर ज्यात मोडे त्या हैदराबाद संस्थानात सभा भरवावयाची तर सरकारची पूर्वमंजुरी घ्यावी, असे फर्मावणारी ‘गश्ती निशाण ५३’ अंमलात होती, खासगी आखाड्यांनाही परवान्याचा जाच होता, आणि ज्या मुलखात रयतेच्या जमावाकडेच दरबार संशयाने पाहत असे तेथे मंडळांनी उघड्यावर रीतसर सामने भरवावेत आणि हजारांनी बेलाशक रिंगण धरावे, ही अपेक्षाच व्यर्थ होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपल्यावर हा बंदोबस्त उठला. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. १९५८ साली येथे विद्यापीठ आले आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची रीत त्याच्या मागोमाग आली, आणि तिच्याबरोबर हा प्रेक्षकही.

मुंबईचा प्रेक्षक मात्र गिरणगावात वाढला. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी येथील मंडळांचे सामने पाळी सुटल्यावर भरत, आणि चांगल्या चढाईपटूला रेल्वेत, बँकेत किंवा एखाद्या कंपनीत चिकटविले जाई. अशा कचेऱ्यांच्या संघांना कबड्डीच्या जगात ‘व्यावसायिक संघ’ म्हणण्याचा प्रघात आजही आहे. रोजी सांभाळून खेळावे कसे, हाच पेच इंग्लंडच्या उत्तरेकडील गिरण्या-खाणींच्या मुलखात वेगळ्या रीतीने सुटला होता. शनिवारी खेळण्यापायी बुडणारी मजुरी भरून देण्यास रग्बीची मूळ संघटना राजी नव्हती, म्हणून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात तेथील क्लबांनी तिच्याशी फारकत घेतली, पुढे १९०६ साली संघातील गडी पंधरावरून तेरावर आणले, आणि त्यातून रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ व त्याचा कडवा कामगार-प्रेक्षक सिद्ध झाला. आमच्याकडे फारकत झाली नाही. नोकरी देऊन रोजीचा प्रश्न मिटविला आणि खेळ कागदोपत्री हौशीच राहिला. ही पळवाट खरी, पण अकलेची. तिचा एक मौजेचा परिणाम असा की, गड्याच्या छातीवर कंपनीचे नाव असले तरी कठड्याशी उभा असलेला माणूस त्याला त्याच्या गल्लीच्या नावाने हाक मारी.

या जुन्या प्रेक्षकाचे खरे इंद्रिय डोळा नव्हे, कान होता, असे माझे मत आहे. माती चाळून, पाणी शिंपडून, चोपून केलेल्या मैदानाभोवती, दिव्यांच्या झोतात, पहिली रांग मांडी घालून बसे. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत शिरला की गलका एकदम ओसरे, कारण त्याचा दम, म्हणजे एका श्वासात चाललेला ‘कबड्डी-कबड्डी’चा घोष, अखंड आहे की तुटला हे ऐकणे भाग असे. निदानरेषेपलीकडे कोपऱ्यातल्या गड्याने घोट्याला हात घातला, साखळी मिटली, मध्यरेषेकडे बोटे लांबली, आणि त्या झटापटीत दम किंचित अडखळला, की पंचाची शिट्टी वाजण्याआधी पहिल्या रांगेतून ‘दम गेला!’ असा पुकारा उठे. आणि तो खरा असे तितकाच कित्येकदा निव्वळ लबाडीचाही असे.

प्रो कबड्डी लीगने हे सारे पालटले. गादी रूढ झाली, तीस सेकंदांचे घड्याळ फलकावर आले, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवा नाही तर बाद व्हा, असा नियम आला, आणि पहिल्याच हंगामात दूरचित्रवाणीच्या मोजणीने सुमारे ४३ कोटी प्रेक्षक नोंदविले. खेळाडूला उजळ माथ्याने पैसा मिळू लागला, ही गोष्ट निर्विवाद चांगली झाली. परंतु कर्ण्यांवरच्या संगीतात दम बुडाला, आणि ज्याला दम ऐकू येत नाही त्या प्रेक्षकाचा पंचावरचा जुना अधिकार आपोआप खारीज झाला, याची रुखरुख मला वाटते.

आमच्या शहराचा त्या लीगमध्ये संघ नाही. म्हणून येथला प्रेक्षक कधी पुणेरी पलटणकडे झुकतो, कधी यू मुंबाकडे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सना २८–२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळविले, तेव्हा कर्णधार अस्लम इनामदार हा गोदावरीपलीकडच्या आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्याचा, एवढा दाखला येथल्या मंडळींना त्याला आपला म्हणावयास पुरेसा होता. लीगचा संघ नसला तरी भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आमच्या विद्यापीठाच्या परिसरात आहे, गारखेड्याला विभागीय क्रीडासंकुल आहे, आणि कबड्डीचे थोर संघटक शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. जिल्ह्याच्या निवड चाचणीचे सामने भरतात तेव्हा तेथे कर्णे नसतात आणि बहुधा तिकीटही नसते. वाचकांनी एकदा तरी तेथे जावे, पुढच्या रांगेत बसावे आणि दम ऐकावा.