लैला मायामीस कशी पोहोंचली

लैला-मजनूचें नांव कानीं पडलें नाहीं असा वाचक आपल्याकडे विरळाच. बाराव्या शतकांत निजामी गंजवीनें ही अरबी कथा फारसी काव्यांत गुंफली, आणि पुढें ती आपल्या रंगभूमीवर, बोलपटांत व रोजच्या बोलण्यांतहि शिरली. तीच लैला १९७० सालीं फ्लॉरिडांतील मायामी शहरीं, क्रायटीरिया नांवाच्या ध्वनिमुद्रणगृहांत, ब्लूज-रॉक संगीताच्या दोन तबकड्यांच्या संचास नांव देऊन गेली, हें मात्र थोड्यांच्याच ध्यानीं असेल.

एरिक क्लॅप्टन हा इंग्रज गिटारवादक तेव्हां पंचवीस वर्षांचा होता. ‘क्रीम’ आणि ‘ब्लाइंड फेथ’ या वृंदांनीं त्यास मिळवून दिलेली कीर्ति त्यालाच जड होऊं लागली होती. म्हणून बॉबी व्हिटलॉक, कार्ल रॅडल आणि जिम गॉर्डन या तिघां अमेरिकनांसह नवा वृंद उभारून त्यानें ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या टोपणनांवाआड आसरा घेतला. वेष्टणाच्या दर्शनी बाजूस वृंदाचें नांव नाहीं कीं संचाचें नाहीं. नुसतें एका स्त्रीचें चित्र. याच सुमारास तो आपला मित्र जॉर्ज हॅरिसन याच्या पत्नीच्या, पॅटी बॉइडच्या, प्रेमांत बुडाला होता. एका स्नेह्याकडून निजामीचें काव्य हातीं आलें आणि त्यांत त्याला आपलीच कथा दिसली.

मित्रपत्नीचा अभिलाष आम्हांस रुचत नाहीं, व कलेच्या नांवाखालीं त्याला क्षमा करावी असेंहि वाटत नाहीं. परंतु या संचाविषयीं लिहिणारे बहुतेक जण या प्रकरणापाशींच थांबतात, हें आम्हांस त्याहून खटकतें. विरहव्यथा पुष्कळांस होते. तिच्यांतून असें संगीत क्वचितच निघतें.

निर्माता टॉम डाउड हा विलक्षण माणूस. ऐन तारुण्यांत तो अणुबाँबच्या मॅनहॅटन योजनेंत कामाला होता; युद्धानंतर पदार्थविज्ञान सोडून ध्वनिमुद्रणाकडे वळला आणि अटलांटिक कंपनीसाठीं रे चार्ल्स, जॉन कोल्ट्रेन यांचें संगीत त्यानें टिपलें. ऑगस्टच्या अखेरीस क्लॅप्टनचें काम सुरू झालें, पण रंगेना. डाउडचा त्याच दिवसांत ‘ऑलमन ब्रदर्स’ या दक्षिणी वृंदाशींहि संबंध होता. २६ ऑगस्ट रोजीं त्यांची मायामीस मैफल झाली, तिला क्लॅप्टन गेला. ऐन रंगांत आलेला ड्वेन ऑलमन त्याला समोर पाहतांच वाजवावयाचा थबकला, असें सांगतात. मैफलीनंतर दोन्ही वृंद मुद्रणगृहांत आले, रात्रभर वाजवीत राहिले, आणि डाउडनें ध्वनिफीत चालूच ठेविली. त्यानंतर ऑलमन बहुतेक गीतांत वाजला.

ऑलमन बोटांत औषधाची रिकामी कांचेची बाटली घालून ती तारांवरून सरकवी. विचित्रवीणेवर बट्टा फिरूं लागला म्हणजे जशी मींड अखंड वाहते, तसाच हा प्रकार. क्लॅप्टन तार बोटानें ओढून तीच आर्तता आणी. मोठाले ध्वनिवर्धक दूर सारून त्यानें फेंडरचें लहानसें यंत्र पुऱ्या ताकदीनें चालविलें. स्वराला जो किंचित् फाटका, रडवा पोत आला तो त्यामुळें. ‘की टु द हायवे’ हें कृष्णवर्णी गायकांचें जुनें गीत वृंदानें सहज धरलें तेव्हां फीत बंदच होती. ती घाईनें सुरू झाली, म्हणून गीत तबकडीवर मध्येंच, दुरून चालत आल्यासारखें उगवतें. जिमी हेंड्रिक्सला आदर म्हणून त्याचें ‘लिट्ल विंग’ ९ सप्टेंबरला मुद्रित झालें. १८ तारखेस हेंड्रिक्स वारला.

‘लैला’ हें गीत क्लॅप्टननें संथ बांधलें होतें. अल्बर्ट किंगच्या एका गीतांतील स्वरपंक्ति लय चढवून त्याच्या आरंभीं बसविली ती ऑलमननें. शेवटचा पियानोचा भाग कांहीं आठवड्यांनीं जोडला गेला व तो ढोलवादक गॉर्डनच्या नांवावर आहे. गायिका रिटा कूलिज हिनें ती चाल आपली असल्याचें पुढें सांगितलें, आणि व्हिटलॉकनेंहि तिचीच बाजू घेतली. आम्हांस तिचें म्हणणें खरें वाटतें. एका स्त्रीच्या आळवणीसाठीं रचलेल्या गीताच्या अखेरीस दुसऱ्या स्त्रीची चाल निनांवी वाजत राहावी, ही गोष्ट त्या प्रेमकथेहून अधिक बोचते.

नोव्हेंबर १९७० मध्यें चौदा गीतांचा हा संच निघाला. इंग्लंडांत त्याची फारशी दखल झाली नाहीं. दुसरा संच करूं जातां १९७१ सालींच वृंद फुटला, व त्याच वर्षीं २९ ऑक्टोबरला ऑलमन मोटारसायकलच्या अपघातांत वयाच्या चोविसाव्या वर्षीं गेला. १९७२ सालीं ‘लैला’ दोन्ही देशांत गाजूं लागलें, तेव्हां तें मिळून वाजवावयास कोणी उरलें नव्हतें.