साखर उतरते तेव्हा

मधुमेह म्हटला की साखर वाढण्याचीच चर्चा होते. ती फार उतरली तर माणूस बेशुद्ध पडतो, हे अनेक घरांत ठाऊकच नसते. वास्तविक टोरांटोत इन्सुलिन जन्मले, तेव्हाच ही गोष्टही समोर आली होती.

1921-22 च्या हिवाळ्यात जेम्स कॉलिप स्वादुपिंडाचा अर्क शुद्ध करून सशांना टोचत होते. मात्रा जास्त झाली की सशांना झटके येत, ते निपचित पडत. ग्लुकोज टोचले की पुन्हा उठून बसत! बिचाऱ्या सशांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. पुढे इन्सुलिनचे एककही सशाची साखर 45 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे झटक्यांच्या पातळीपर्यंत, उतरवणाऱ्या मात्रेवरून ठरले.

1922 मध्येच तिथल्या फ्लेचर आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी रुग्णांमधली लक्षणे नोंदवली. आधी भूक, थरथर, घाम, घबराट. साखर आणखी उतरली की गोंधळ, बरळणे आणि शेवटी बेशुद्धी.

म्हणजे इलाज मिळाला होता. अडत होते ते ओळखण्यापाशी. असा माणूस थेट दारू प्यायल्यासारखा दिसतो, मग मदतीऐवजी शिव्या मिळतात. घरच्या तपासणीचाही उपयोग नव्हता. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवी घालून तापवायची. साखर असली तर रंग हिरवा, पिवळा, विटकरी होई. पण साखर नेमकी असो की धोकादायक कमी, द्रावण निळेच राही! 1938 मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक अ‍ॅलन व्हिपल यांनी तीन खुणा सांगितल्या: लक्षणे, रक्तातली कमी साखर आणि साखर देताच आराम. बोटाच्या थेंबावर चालणारी पट्टी यायला मात्र 1960 चे दशक उजाडले.

आज 70 च्या खाली आकडा आला की सावध व्हायचे. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. यंत्र नसेल तरी साखर द्यायला थांबू नये. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून 108 ला फोन करावा. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून माणूस उठून बोलू लागला तरी त्याला पोळी-भात खायला घालावे, एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.