निचऱ्याचा वाटा

श्रावणात चार दिवसांची झड लागली, की दर्यापूरकडच्या वावरांत मुगाच्या शेंगांना झाडावरच मोड फुटतात. नुकसान पावसाने केले असे आपण म्हणतो. पण पाऊस उघडून आठवडा झाला तरी ज्या वावरात पाय घोट्यापर्यंत रुततो, त्याच्या खालच्या धुऱ्यावर उभे राहून पाहावे. चराचे तोंड गाळाने बुजलेले असते, पुढच्या नाल्यात बेशरमाची झुडपे दाटलेली असतात, आणि दर पेरणीला एकेक तास आत सरकत नाल्याचे काठ निम्मे नांगरात गेलेले असतात. हा नाला साफ कोणी करायचा आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, या दोन प्रश्नांवर एक अख्खे अभ्यासक्षेत्र उभे आहे. त्यात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो.

वऱ्हाडात हा अभ्यास पूर्णेच्या खोऱ्यापासूनच सुरू करावा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा म्हणजे चिकणमातीचा खोल काळा थर, त्यात सोडियम जास्त आणि खाली खारे पाणी. ओली झाली की ही माती फुगते, तिची छिद्रे मिटतात, पाणी खाली मुरत नाही. मग त्याला आडवेच जावे लागते: वावरातून चरात, चरातून नाल्यात, तिथून शहानूर, चंद्रभागा, पेढी अशा नद्यांवाटे पूर्णेत. सांगली-कोल्हापूरकडे उसाला पाजलेल्या जादा पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या. इथला खारेपणा मुळात जमिनीच्या पोटातला आहे, त्यात कोणा शेतकऱ्याचा दोष नाही. म्हणूनच ‘ज्याने बिघडवले त्याने भरावे’ हा सोपा न्याय खर्चाच्या वाटणीत इथे चालत नाही.

रुंद वरंबा-सरी पद्धत आता गावोगाव माहीत आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात या पट्ट्यावर बरेच संशोधनही झाले आहे. पण सरीतून निघालेले पाणी शेवटी सामाईक नाल्यातच येते, आणि तिथे मातीचे शास्त्र संपून पैशांचा हिशेब सुरू होतो. नाला खोल करायला एखाद्या योजनेतून पैसा मिळतो, पण नाला पाचव्या वर्षी पुन्हा भरला की गावाजवळ त्यासाठी राखून ठेवलेले सहसा काहीच नसते. कायद्यातही हीच पोकळी आहे. 1906 च्या मामलतदार न्यायालय अधिनियमानुसार शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला, तर सहा महिन्यांत तहसीलदाराकडे दाद मागता येते. कोणीच अडवला नाही, नुसता गाळ साचला, तर प्रतिवादी कोणाला करायचे? शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना अधिकार देणारा 2005 चा कायदा चांगला आहे, पण तो कालव्याच्या लाभक्षेत्रासाठी. कोरडवाहू वावरांचा नाला त्यातूनही सुटतो.

आता वाटणीकडे येऊ. समजा, एका नाल्याला 80 एकर जमीन लागून आहे आणि एका सफाईला 24,000 रुपये येतात. एकरी 300 रुपये, हिशेब मिटला. पण वरच्या अंगाचा शेतकरी म्हणेल, “माह्या वावरात पानी थांबतच नाही, मी काहून देऊ?” खालचा म्हणेल, “तुमचंच पानी माह्या उरावर येते.” दोघेही खरे बोलतात. या क्षेत्रातला सगळा विचार या दोन वाक्यांच्या मधोमध चालतो.

अमेरिकेतील आयोवा राज्याच्या कायद्याने याचे एक उत्तर शोधले. निचऱ्याचा सर्वांत जास्त लाभ होणाऱ्या तुकड्याला 100 अंक द्यायचे, बाकीच्यांना त्या मानाने कमी, आणि खर्च त्या अंकांच्या प्रमाणात वाटायचा. नेदरलँड्समध्ये जमीनधारकांच्या पट्टीवर चालणारी पाणी मंडळे तेराव्या शतकापासून आहेत. आपल्याला हे परके वाटू नये. 1847 च्या ‘जॉइंट रिपोर्ट’ने घालून दिलेली मुंबई इलाख्याची जमाबंदी पद्धत पुढे वऱ्हाडात आली. त्या पद्धतीत मोजणीदार मातीची खोली पाहून सोळा आण्यांपासून खाली प्रत ठरवत आणि पाणी साचण्यासारखा दोष आढळला की प्रत उतरवत. निचरा नाही म्हणून सारा कमी करण्याची दृष्टी आपल्या दप्तरात दीडशे वर्षांपासून आहे. निचरा मिळाला म्हणून किती घ्यावे, हा त्याच हिशेबाचा दुसरा अर्धा भाग. तो मांडणारे हात मला वऱ्हाडातून हवे आहेत, आणि ते येतील याची मला खात्री वाटते.

सर्वांत अवघड गाठ मक्त्याची आहे. सातबाऱ्यावर नाव एकाचे, तो पुण्याला. वावर मक्त्याने दुसऱ्याकडे. आकारणीची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने जाणार, मूग मात्र वाहणाऱ्याचा कुजणार. मक्ता बहुधा तोंडी आणि एका सालाचा असतो, नाल्याची सफाई चार-पाच साले कामी येते. मालकाचा आणि वाहणाऱ्याचा वाटा वेगळा काढल्याखेरीज कोणतीही पट्टी गावात टिकणार नाही, असे माझे मत आहे.

वाचकाला एक विनंती. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीआधी, आपल्या गावचा एक नाला वरून खाली चालत पाहावा. कोणत्या धुऱ्यापाशी कोणाचे पाणी आत येते आणि कुठे अडते, ते कागदावर मांडावे, आणि तो कागद शेजारी ठेवून या पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडावे.