सौसर पट्ट्यातील मँगनीजचा शोध

नागपूर, भंडारा, छिंदवाडा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून सुमारे २०० किलोमीटर पसरलेला मँगनीजचा पट्टा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून खणला जात आहे. मनसर, कांद्री, चिखला, तिरोडी, भरवेली अशा खाणींच्या जागा सुरुवातीला नुसत्या डोळ्यांनी सापडल्या. जंगलातल्या टेकडीचा माथा काळा दिसला की तिथे कुदळ पडे. आता जे उरले आहे ते मातीखाली किंवा जुन्या खाणींच्या खोल बाजूला आहे. ते शोधायचे तर काळ्या दगडाच्या मागे धावण्यापेक्षा थरांचा क्रम आणि त्यांच्या वळ्या वाचायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे.

इथले मँगनीज मुळात सागरतळावर गाळाबरोबर साचले आणि पुढे त्या गाळासकट उष्णता व दाबाखाली रूपांतरित झाले. म्हणून ते वाटेल तिथे सापडत नाही. सौसर या खडकांच्या गटातल्या मनसर स्तरसमूहाच्या अभ्रकी सुभाजा खडकाच्या तळाशी, पोटात किंवा माथ्यावर, अशा ठरावीक पातळ्यांवर ते मुख्यतः असते. त्याच्या वर चोरबावलीचा क्वार्ट्झाइट येतो. हा खडक सहज झिजत नाही, त्यामुळे तो डोंगरधार होऊन उभा राहतो आणि झाडीतही ओळखता येतो. मँगनीजची वरची पातळी या धारेच्या पायथ्याला शोधावी. मात्र वळ्या उलथलेल्या असतील तर हाच क्रम उलटा होतो, आणि धारेची भलतीच बाजू खणली जाते.

दुसरी खूण गोंडाइटची. भूवैज्ञानिक लुइस फर्मर यांचा भारतातील मँगनीज साठ्यांवरील ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. क्वार्ट्झ आणि स्पेसार्टाइन गार्नेट यांच्या या खडकाला हे नाव त्यांनीच दिले. शुद्ध स्पेसार्टाइनमध्ये सुमारे ३३ टक्के मँगनीज असते, पण ते सिलिकेटमध्ये अडकलेले. त्यात क्वार्ट्झची भर पडली की भट्टीच्या दृष्टीने हा खडक जवळजवळ निरुपयोगी. शोधाच्या दृष्टीने मात्र तो मोलाचा आहे, कारण तीच पातळी पुढे सरकत शुद्ध धातुकात बदलू शकते. चरात गोंडाइट लागला म्हणून काम थांबवणे ही घाई ठरते.

खरी कसोटी वळ्यांची. दाबाखाली थर वळीच्या बाजूंवर ताणला जाऊन पातळ होतो, कधी तुटतोही. वळणाशी तो जाड होतो. ही जाड पट्टी जमिनीखाली एका दिशेला कलत जाते. त्या कलाचा अंदाज चुकला तर शोधासाठी घेतलेले छिद्र धातुकाशेजारून जाते आणि साठा संपला असा समज होतो. जाडीचा हिशेबही फसवा असतो. थर ७० अंशांनी कललेला असताना उभे छिद्र घेतले आणि कोअरमध्ये, म्हणजे छिद्रातून काढलेल्या दगडी दांड्यात, ९ मीटर धातुक दिसले, तर खरी जाडी जेमतेम ३ मीटर भरते. म्हणूनच थराला शक्य तितके काटकोनात भेटेल असे तिरपे छिद्र घ्यावे लागते.

गुरुत्वमापनाची मदत होते. ब्राउनाइट या मँगनीज खनिजाची घनता ४.७ च्या आसपास, तर सुभाजाची पावणेतीनच्या जवळ. पण गार्नेटही जड असते, त्यामुळे गुरुत्वाची वाढ गोंडाइटमुळेही दिसू शकते. शेवटी छिद्राला पर्याय नाही.

पृष्ठभागावरच्या नमुन्यांवरून प्रत ठरवणे तर सर्वांत धोक्याचे. हवापाण्याने वरच्या भागात ऑक्साइडे समृद्ध होतात. डोंगरी बुजुर्ग खाणीचे बॅटरीयोग्य मँगनीज डायऑक्साइड असेच बनलेले आहे. खाली गेल्यावर ब्राउनाइट लागते, आणि त्याच्या रचनेतच सुमारे १० टक्के सिलिका असते. ती धुऊन निघत नाही. फॉस्फरसही सोबत मोजावा लागतो, कारण तो फेरोमँगनीजमधून पोलादात उतरून त्याला ठिसूळ करतो.

या पट्ट्यात सर्वाधिक उपेक्षा होते ती धातुक न लागलेल्या छिद्रांची. त्यांच्या कोअरमध्ये थर कोणत्या खोलीवर बदलला, किती अंशांनी कलला, गार्नेट कुठे दिसू लागले, हे सारे असते. अशा दोन छिद्रांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तरी वळी कुठे वळली असावी हे पुष्कळदा उमगते, आणि पुढचे छिद्र कुठे घ्यायचे ते ठरते. हा कोअर धातुकाच्या कोअरइतकाच काळजीने पेटीत भरून, खोली लिहून, जपला पाहिजे.