शाळिग्राम, अमोनाइट आणि स्थलनामे

शाळिग्राम हा शब्द महाराष्ट्रात देवघरापासून तुळशीच्या लग्नापर्यंत सर्वपरिचित आहे. तथापि महाराष्ट्राच्या भूमीत शाळिग्राम सापडत नाही. याचे कारण भूस्तरशास्त्रात शोधावे लागते. शाळिग्रामावरील चक्र म्हणजे अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याच्या कवचाचा शिलीभूत अवशेष किंवा त्याचा ठसा होय. हा प्राणी शीर्षपाद वर्गातील, म्हणजे आजच्या माकूळ व नॉटिलस यांच्या गोत्रातील. त्याचा वंश सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी खुंटला. आणि सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हारसापासून बनला, त्याचे प्रमुख उद्रेकही त्याच सुमाराचे आहेत. म्हणजे आपल्या पायाखालची भूमी घडत होती, तेव्हा अमोनाइट जगातून निरोप घेत होते. आपल्या देवघरातील शाळिग्राम बाहेरून आला, तो यामुळेच.

तो आला गंडकीच्या पात्रातून. नेपाळातील मुस्तांग भागात काली गंडकीच्या उगमाकडील काळ्या शेलच्या थरांत हे गोटे असतात. स्पितीपासून कुमाऊँमार्गे नेपाळपर्यंत आढळणारे हे थर ज्या समुद्रात साचले, त्याला झ्यूस या भूशास्त्रज्ञाने १८९३ साली टेथिस हे नाव दिले. थर झिजले की आतील कठीण गोटे सुटतात, आणि नदी ते घाशीत खाली आणते.

संस्कृतात मूळ शब्द शालग्राम असा आहे. शाल वृक्षांवरून नाव पडलेले गंडकीकाठचे एक गाव, आणि त्या गावावरून ओळखला जाणारा दगड, ही त्याची सामान्यतः स्वीकारलेली व्युत्पत्ती होय. ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्यात विष्णूच्या उपासनेचे उदाहरण म्हणून शालग्रामाचा उल्लेख येतो. तेव्हा हा संकेत त्या काळी रूढ झालेला होता, हे उघड आहे. मराठीत फल, काल, शाला यांच्याप्रमाणेच येथेही लकाराचा ळकार झाला. शाळिग्राम या रूपातील इकार मात्र शालि, म्हणजे भात, या परिचित शब्दाच्या सादृश्याने आला असावा, असे मानण्यास जागा आहे. मूळ गावाचा विसर पडल्यावरच असे सादृश्य बळावते.

पाश्चात्त्य नावाचा मार्ग निराळा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने एडक्याच्या शिंगासारख्या एका पवित्र दगडाचे वर्णन ‘अमोनचे शिंग’ या नावाने केले आहे. अमोन हा मिसर देशाचा देव. त्याला एडक्याची शिंगे दाखवीत. इंग्लंडातील व्हिटबी येथे हेच अवशेष संत हिल्डाने दगड केलेले सर्प मानले जात, आणि विक्रेते त्यांना सर्पमुखे कोरून देत. एकाच आकृतीत कोणी चक्र पाहिले, कोणी शिंग, कोणी सर्प. परंतु आकृतीवरून पडलेल्या नावांत ‘हे कोठले?’ या प्रश्नाचे उत्तर नसते. शालग्राम या नावात ते होते.

अमोनाइटांच्या शास्त्रीय संग्रहाचा इतिहास पाहता याच प्रश्नाचे महत्त्व ध्यानी येते. मुंबई इंजिनियर्समधील कॅप्टन ग्रँट याने कच्छात गोळा केलेल्या जीवाश्मांची वर्णने सॉवर्बी याने केली. ती १८४० साली ग्रँटच्या निबंधासोबत प्रसिद्ध झाली. पुढे १८७१-७२ च्या सुमारास फर्डिनांड स्टोलिच्का याने कच्छचे थर तपासले आणि त्यांचे चार गट पाडले: पच्छम, चारी, कटरोल आणि उमिया. ही सर्व कच्छातील स्थलनामे आहेत. स्टोलिच्का १८७४ साली यार्कंदहून परतताना लडाखात मरण पावला. तथापि वागेन याने १८७३ ते १८७५ या काळात कच्छच्या शीर्षपादांवरील आपल्या ग्रंथात हीच विभागणी स्वीकारली, आणि कच्छातील स्थळांची नावे ही काळाची नावे झाली. अमोनाइटांच्या जाती थोडा काळ टिकत, पण दूरवर पसरत. म्हणून कवच ओळखले की थराचा काळ कळतो. मात्र कोणते कवच कोणत्या थरातून काढले, याची नोंद आधी असावी लागते.

या नोंदीवाचून काय होते, तेही कच्छनेच दाखविले. स्पाथ याने १९२७ ते १९३३ या काळात या अमोनाइटांची फेरतपासणी केली, ती संग्रहालयांतील नमुन्यांवरून. त्याची विद्वत्ता वादातीत आहे. परंतु अनेक जुन्या नमुन्यांच्या थरांची नोंद पुरेशी नेमकी नव्हती. परिणामी पुढील भारतीय अभ्यासकांना तेच थर पुन्हा पायी हिंडून तपासावे लागले.

भाषाभ्यासकाला हा अनुभव परका नाही. गाव व काल यांच्या नोंदीवाचून हाती आलेले शब्दरूप सुंदर असू शकते, पण ते पुराव्याच्या कामी येत नाही. आज अमोनाइट शोभेची वस्तू म्हणून जगभर विकले जातात. खडकातून उपटलेल्या अशा नमुन्यापासून त्याचा थर एकदा तुटला, की तो पुन्हा जोडता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पूजेत असलेला एक शाळिग्राम आहे. तो कोणी, केव्हा आणि कोठून आणला, हे सांगू शकणारे माणूस आता घरात उरलेले नाही. त्याच्या स्थानाची एकमेव नोंद त्याच्या नावात आहे. आणि तीही आम्ही एका इकाराने पुसट करून ठेविली आहे.