यलोस्टोनच्या खडीवर: पंचविसाव्या पायदळाची सायकल तुकडी, १८९६

१/
अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात मॅमथ हॉट स्प्रिंग्ज नावाचे एक ठिकाण आहे. उष्ण झऱ्यांतील चुना साचून तेथे पांढऱ्या पायऱ्यापायऱ्यांची टेकडी तयार झाली आहे. १८९६ सालचे एक छायाचित्र आहे, त्यात याच टेकडीच्या मिनर्वा टेरेस नावाच्या भागावर गणवेशातील कृष्णवर्णीय सैनिक आपापल्या सायकली धरून उभे आहेत. छायाचित्रकार फ्रँक जे हेन्स. हे सैनिक तेथे कसे पोहोचले आणि पोहोचण्याआधी त्यांनी काय तयारी केली, याविषयीचा हा धागा.

२/
सध्या ग्रॅव्हल सायकलिंगच्या शर्यतींची बरीच चर्चा असते. डांबर सोडून खडी, मुरूम, माती यांवरून शंभर-दोनशे मैल जायचे. टायर किती रुंद असावा, हवा किती भरावी, चौकटीच्या त्रिकोणात बसणाऱ्या पिशवीत काय ठेवावे आणि काय टाळावे, यावर उत्साही मंडळी तासन्‌तास वाद घालतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्समध्ये २००६ पासून होणारी दोनशे मैलांची शर्यत या खेळाचे मूळपीठ मानली जाते. परंतु हेच प्रश्न एकशे तीस वर्षांपूर्वी एका लष्करी ठाण्यात अगदी काटेकोरपणे विचारले गेले होते. फरक एवढाच, की विचारणाऱ्याच्या हाती बक्षीस येणार नव्हते आणि पायडल मारणाऱ्यांना नकार देण्याची मुभा नव्हती.

३/
ठाण्याचे नाव फोर्ट मिझूला, राज्य मोंटाना. येथे १८८८ पासून अमेरिकी सैन्याची पंचविसावी पायदळ रेजिमेंट होती. यादवी युद्धानंतर अमेरिकेने कृष्णवर्णीय सैनिकांच्या वेगळ्या रेजिमेंट उभारल्या. १८६९ च्या पुनर्रचनेत त्यांतल्या चारच उरल्या: दोन घोडदळाच्या, दोन पायदळाच्या. पंचविसावी त्यांपैकी एक. सैनिक कृष्णवर्णीय, अधिकारी गोरे. ‘बफेलो सोल्जर्स’ हे नाव आपण ऐकले असेल, ते यांचेच.

४/
१८९४ मध्ये जेम्स ए. मॉस नावाचा तरुण लेफ्टनंट वेस्ट पॉइंट येथून पदवी घेऊन बाहेर पडला. आपल्या वर्गात त्याचा क्रमांक शेवटचा होता. जन्म दक्षिणेतल्या लुइझियानातला. कृष्णवर्णीय रेजिमेंटमधील नेमणूक त्या काळी मानाची समजली जात नसे, आणि मोंटानाचे ठाणे तर आडबाजूचे. मॉसला मात्र सायकलीचे वेड होते.

त्याचा युक्तिवाद साधा होता. घोड्याला चारा लागतो, पाणी लागते, तो खिंकाळतो, मरतो. सायकल खात नाही, आवाज करत नाही, धूळ फारशी उडवत नाही आणि आडवी टाकली की शत्रूला दिसत नाही. युरोपातील काही सैन्यांनी सायकलींचा वापर सुरूही केला होता, परंतु तेथे रस्ते होते. मोंटानात डोंगर, चिखल आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. सायकल येथे टिकली तर कोठेही टिकेल, असा त्याचा हिशेब. सरसेनापती नेल्सन माइल्स स्वतः सायकलीचे पुरस्कर्ते होते. मे १८९६ मध्ये परवानगी मिळाली.

५/
याच मे महिन्याच्या १८ तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्याचा निकाल दिला आणि वंशानुसार वेगळे डबे, वेगळ्या सोयी घटनासंमत ठरवल्या. खटलाही लुइझियानातलाच. आणि सायकलीच्या जगाचे काय? ज्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ने देशभर चांगल्या रस्त्यांची चळवळ उभारली, तिनेच १८९४ च्या अधिवेशनात कृष्णवर्णीयांना सभासदत्व बंद केले होते. म्हणजे रस्ते सर्वांसाठी मागायचे आणि त्यावरून जाणाऱ्यांच्या संघटनेत मात्र रंग पाहायचा. मॉसचे सैनिक या संघटनेत नाव नोंदवू शकले नसते. सरकारी कामगिरी म्हणून त्याच रस्त्यांवरून जाण्याचा हुकूम मात्र त्यांना मिळाला.

६/
जुलैमध्ये आठ जणांची तुकडी तयार झाली. सार्जंट डॅल्बर्ट ग्रीन, कॉर्पोरल जॉन विल्यम्स, एक वादक आणि पाच शिपाई. त्यांतला जॉन फिंडली सायकल दुरुस्तीचा जाणकार, त्याने पूर्वी शिकागोच्या एका सायकल कारखान्यात काम केले होते. माझ्या मते या मोहिमेतला सर्वांत महत्त्वाचा माणूस मॉस नव्हे, फिंडली. अहवालात तो एका ओळीत येतो. पण रात्री मुक्कामावर इतर जण चहू अंगांनी पसरत तेव्हा मोडलेली पायडले आणि फुटलेले टायर कोणासमोर येऊन पडत असतील, हे सांगायला नको.

७/
सराव पाहण्यासारखा होता. रोज पंधरा ते चाळीस मैल चालवायचे, रांगेत, अंतर राखून. मग अडथळे. ‘कुंपण ओलांडा’ असा हुकूम होताच सैनिक जोडीने काम करत: एक कुंपणावर चढून पलीकडे उतरे, दुसरा सायकली वर देई. नऊ फूट उंचीचे कुंपण वीस सेकंदांत साऱ्या सायकलींसह पार करण्यापर्यंत त्यांची मजल गेली. ओढे ओलांडण्याचाही सराव होता. पाणी उथळ असेल तर चालवत, खोल असेल तर सायकल खांद्यावर किंवा दोघांच्या मध्ये काठीला अडकवून.

सामानाची मांडणी आज ज्याला बाइकपॅकिंग म्हणतात त्याच्याशी विलक्षण जुळते. घोंगडी आणि तंबूचा अर्धा भाग गुंडाळून हँडलला पुढे बांधलेला. चौकटीच्या त्रिकोणात नेमकी बसेल अशी कडक चामड्याची पेटी, तिच्यात शिधा: बेकन, पीठ, घेवडा, कॉफी, साखर, डबाबंद मांस. तंबूचे दोन सैनिकांत दोन भाग, म्हणजे जोडीदार मागे राहिला तर रात्री दोघेही उघड्यावर.

८/
पहिली परीक्षा ६ ऑगस्टला. मिझूलाच्या उत्तरेला मिशन पर्वतातील मॅकडॉनल्ड तलावापर्यंत जाऊन परत, १२६ मैल, चार दिवस. पाऊस लागला. चाके चिखलाने इतकी भरत की फिरेनात, थांबून काठीने चिखल खरवडावा लागे. ओढ्यांना कमरेएवढे पाणी. टायर फुटले, पायडले तुटली. ज्याला सराव फेरी म्हणायचे ती अशी. परत आल्यावर मॉसने दुरुस्त्या केल्या आणि आठवड्याभरातच, १५ ऑगस्टला, तुकडी यलोस्टोनकडे निघाली.

९/
आता थोडे यलोस्टोनविषयी, कारण ‘संरक्षित निसर्ग’ हा शब्द आपण फार सहज वापरतो.

१ मार्च १८७२ रोजी हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. जाहीर झाले म्हणजे कागदावर. तेथे तुकुदिका शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, त्यांना त्याच दशकात बाहेरच्या राखीव प्रदेशांत हलवले गेले. ‘निर्जन अरण्य’ हे आधी निर्जन करावे लागले. १८७७ मध्ये सैन्याचा पाठलाग चुकवत नेझ पर्स लोक याच उद्यानातून गेले. अखेरीस त्यांची शरणागती स्वीकारणारे अधिकारी होते नेल्सन माइल्स. होय, सायकलींना परवानगी देणारे तेच. आणि फोर्ट मिझूला हे ठाणेही त्याच १८७७ सालचे.

१०/
उद्यानात शिकारी, लाकूडतोडे, स्मृतिचिन्हे म्हणून झऱ्यांचे कपचे तोडून नेणारे प्रवासी यांचा सुळसुळाट होता. संसदेने पैसा देणे थांबवले, तेव्हा १८८६ मध्ये उद्यान सैन्याच्या ताब्यात गेले आणि तीसएक वर्षे तेथेच राहिले. १८९४ मध्ये एडगर हॉवेल नावाचा चोरटा शिकारी गवे मारताना रंगेहाथ सापडला. त्याला शिक्षा द्यायला कायदाच नव्हता! त्यावरून उठलेल्या गदारोळातून त्याच वर्षी लेसी कायदा झाला आणि उद्यानातील प्राण्यांना खरे संरक्षण मिळाले. तरीही १९०२ पर्यंत तेथील रानटी गव्यांची संख्या दोन डझनांच्या आसपास उतरली होती.

११/
रस्तेही सैन्याचेच. १८८३ पासून लष्करी अभियंता डॅन किंगमन आणि पुढे हायरम चिटेंडन यांनी उद्यानातील वर्तुळाकार मार्ग आखला व बांधला. त्यापूर्वीचा एक किस्सा सांगायलाच हवा. १८७८ मध्ये अधीक्षक फिलेटस नॉरिस यांना मॅमथच्या दक्षिणेला काळ्या ज्वालामुखी काचेचा कडा आडवा आला. त्यांनी काचेच्या ढिगांवर मोठाल्या आगी पेटवल्या, तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतले, आणि तडकलेल्या तुकड्यांचाच रस्ता केला. काचेच्या खडीचा रस्ता! टायर हा शब्द ज्याला ठाऊक आहे त्याच्या अंगावर काटा यावा.

उद्यानातले रस्ते तेव्हा घोडागाड्यांसाठी होते, मोटारींना प्रवेश १९१५ मध्ये मिळाला. सायकल मात्र फार आधी आली: १८८३ मध्येच लॅरामी गावच्या तीन जणांनी पुढच्या उंच चाकाच्या सायकलींवरून उद्यान पाहिले होते.

१२/
मॉसची तुकडी खंडाचा जलविभाजक ओलांडून हेलेनाजवळच्या फोर्ट हॅरिसनला पोहोचली, तेथून दक्षिणेला वळली आणि २३ ऑगस्टला उद्यानातील फोर्ट यलोस्टोनला. चढावर सायकली ढकलायच्या, उतारावर ब्रेकवर भिस्त नाही. पुढचे काही दिवस सैनिकांनी उद्यान पाहिले. त्याच दिवसांचे स्मरण म्हणजे आरंभी सांगितलेले छायाचित्र. ८ सप्टेंबरला तुकडी मिझूलाला परतली. एकूण प्रवास सुमारे ८०० मैल, म्हणजे जवळजवळ १,३०० किलोमीटर. मुंबईहून नागपूरला जाऊन निम्म्या वाटेपर्यंत परत यावे, तेही डांबराविना, एवढे.

१३/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक अडचण जाणवते. आपल्याला मैल ठाऊक आहेत, तारखा ठाऊक आहेत, शिध्याची यादी ठाऊक आहे. कारण मॉस नेमके लिहीत असे. परंतु ज्यांचे पाय दुखले त्यांचे शब्द जवळजवळ नाहीत. तो तलाव, ती उष्ण कुंडे, श्रीमंत गोऱ्या प्रवाशांच्या घोडागाड्या, हे सारे पाहून कॉर्पोरल विल्यम्सला काय वाटले? अहवालात तो रकाना नव्हता. मॉस आपल्या माणसांच्या चिकाटीचे कौतुक करतो, आणि ते प्रामाणिक वाटते. पण कौतुक करणारा आणि कौतुकाचा विषय यांतले अंतर विसरून हे वाचता येत नाही.

१४/
यलोस्टोन ही खरी तर तालीमच ठरली. पुढच्या वर्षी, १४ जून १८९७ रोजी, वीस सैनिक मिझूलाहून सेंट लुइसकडे निघाले: १,९०० मैल. सोबत मॉस, एक लष्करी डॉक्टर आणि मिझूलाच्या वृत्तपत्राचा एकोणीस वर्षांचा बातमीदार एडवर्ड बूस. आदल्या वर्षीचे धडे सायकलीतच दिसतात. स्पॉल्डिंग कंपनीच्या या सायकलींना, लाकडी रिमच्या त्या जमान्यात, पोलादी रिम होते. फोर्क बळकट केलेले, साखळीवर झाकण. रिकामी सायकल साडेचौदा किलोची, सामानासह सुमारे सत्तावीस. शिवाय पाठीवर साडेचार किलोची क्राग रायफल आणि कमरेला पन्नास काडतुसे. दर शंभर मैलांवर शिधा आधीच पाठवून ठेवलेला.

जूनमध्ये डोंगरावर बर्फ, मोंटानाच्या सपाटीवर लुकणासारखा चिकट चिखल, नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत रणरणते ऊन आणि पोट बिघडवणारे खारट पाणी. रस्ता संपला की रेल्वेच्या स्लीपरवरून. ४१ व्या दिवशी, २४ जुलैला, ते सेंट लुइसला पोहोचले. शहराबाहेर शेकडो सायकलस्वार त्यांना सामोरे आले होते.

१५/
मॉसला पुढची मोहीम हवी होती. ती मिळाली नाही. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटले, पंचविसावी रेजिमेंट क्यूबात एल कानेच्या लढाईत उतरली, आणि सायकल तुकडीचा विषय मिटला. मॉस पुढे लष्करी प्रशिक्षणाच्या पुस्तकांचा लेखक म्हणून नावाजला.

१६/
आणि सैनिक? सेंट लुइसच्या सफरीत मिंगो सँडर्स नावाचा सार्जंट होता. एका डोळ्याने अधू, चाळिशीला टेकलेला. १३ ऑगस्ट १९०६ च्या रात्री टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गावात गोळीबार होऊन एक माणूस ठार झाला. आळ पंचविसाव्या रेजिमेंटवर आला. सैनिक बराकीत होते असे त्यांचे गोरे अधिकारी सांगत होते. खटला चालला नाही, कोणाचाही गुन्हा सिद्ध झाला नाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ जणांना एकाच हुकुमाने सन्मानाविना बडतर्फ केले. सव्वीस वर्षे सेवा झालेल्या सँडर्सचे निवृत्तिवेतन तोंडाशी आले असताना गेले. दाद मागण्यासाठी तो वॉशिंग्टनपर्यंत गेला, उपयोग झाला नाही. १९२९ मध्ये तो मरण पावला.

१९७२ मध्ये सैन्याने तो हुकूम मागे घेतला आणि त्या सर्वांना सन्मानपूर्वक निवृत्ती दिली. तोवर बडतर्फ झालेल्यांपैकी अगदी थोडे जण हयात होते, त्यांत डॉर्सी विलिस हा एक.

१७/
२०२२ मध्ये, सेंट लुइसच्या सफरीला १२५ वर्षे झाली तेव्हा, एरिक सेडेन्यो या कृष्णवर्णीय सायकलस्वाराने मिझूला ते सेंट लुइस हा मार्ग पुन्हा सायकलने पार केला.

मिनर्वा टेरेसवर आज सायकल तर सोडाच, पाऊलही ठेवता येत नाही. चुन्याचा थर नाजूक असतो, म्हणून लाकडी पायवाटेवरूनच पाहावे लागते. मात्र वसंत ऋतूत, बर्फ हटवल्यानंतर आणि मोटारींना दार उघडण्यापूर्वी, वेस्ट यलोस्टोन ते मॅमथ हा रस्ता काही आठवडे सायकलींसाठी खुला ठेवतात. काळ्या काचेचा तो कडा याच वाटेवर लागतो.